सोलापूरला समुद्र नाही, हे कारण पुरत नाही

गेल्या वर्षी आमच्या वाचनालयाच्या पुस्तकनिवड समितीत मी एका कादंबरीच्या विरोधात हात वर केला. कादंबरी वाचलेली नव्हती. मागणीवहीत एका सभासद मुलीनं तिचं नाव लिहिलं होतं आणि पुढं 'मिळाल्यास कळवणे'. आम्ही पाच जण बसलो होतो. एकानं फोनवर मुखपृष्ठ दाखवलं. निळा समुद्र, पांढरं दीपगृह, पाठमोरी मुलगी. "हे असलं?" असं कुणीतरी म्हणालं, सगळे हसले, मीही हसले. त्या पैशांत स्पर्धा परीक्षेचे दोन ठोकळे घ्यायचं ठरलं आणि चहा आला.

महिन्याभरानं ती मुलगी देवघेवीच्या खिडकीपाशी भेटली. बी.कॉम. झालेली, एका गारमेंटमध्ये हिशेब बघते. (शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्याला आमच्याकडं नुसतं 'गारमेंट' म्हणतात.) तिनं पिशवीतून तीच कादंबरी काढली. कुठून तरी जुनी प्रत मागवली होती. म्हणाली, "आधी वाचा की मॅडम, मग नाही म्हणा."

दोन रात्रींत वाचली. नाव सांगत नाही, कारण या एका पुस्तकाबद्दल मला बोलायचं नाही. या जातीच्या इंग्रजी कादंबऱ्या शेकड्यानं निघतात आणि सगळ्यांचा सांगाडा एकच असतो. शहरात नोकरी आणि लग्न दोन्ही मोडलेली एक बाई समुद्रकाठच्या छोट्या गावी, आजीच्या घरी परत येते. आजीचं दुकान बंद पडलेलं असतं. शेजारी होड्या दुरुस्त करणारा, मोजकं बोलणारा माणूस असतो आणि त्याच्या पोटात जुनं दुःख असतं. आधी भांडण, मग मदत, मग वादळ, मग गैरसमज, मग गावची जत्रा आणि जत्रेत समेट. शेवट गोड होणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असतं. वाचणाऱ्याशी तसा करारच असतो म्हणा ना. पुढच्या भागात त्याच्या धाकट्या भावाचं जमतं, त्याच्या पुढच्यात पोस्टातल्या मुलीचं. माणसं बदलतात, गाव तेच राहतं.

भाषा साधी, काही ठिकाणी पाणचट. केकच्या वासावर इतकी पानं खर्ची पडली आहेत की मला साखर वाढल्यासारखं झालं. त्या गावात कुणाचं भाडं थकत नाही, मासळीला वास येत नाही, बंद पडलेलं दुकान महिन्याभरात गिऱ्हाइकांनी भरून जातं. मी बँकेत तीस वर्षं काढली आहेत. त्या दुकानाला मी कर्ज दिलं नसतं.

तरी एक गोष्ट अशी होती, की पुस्तक मिटल्यावरही ती मला सोडेना. ते गाव त्या दोघांच्या बाजूनं होतं.

पाववाली म्हातारी मुद्दाम दोघांना एकाच वेळी बोलावते. धक्क्यावर बसलेले निवृत्त खलाशी पैज लावतात, की पावसाळ्याआधी जमतं की नंतर. ग्रंथपाल बाई त्याच्या कार्डावर तिचं पुस्तक चढवते, म्हणजे ते परत मागायला तिला त्याच्याकडं जावं लागतं. गाव चहाडखोर आहे, भोचक आहे, प्रत्येक खिडकीला डोळे आहेत, अगदी आपल्यासारखंच. फरक इतकाच, की तिथल्या भोचकपणाला ते दोघं एकत्र यायला हवे असतात. दोघं एका बाकावर बसलेले दिसले तर तिथला माणूस वाट बदलतो. आपल्याकडचा वाट बदलून जवळ येतो.

या कादंबऱ्यांना प्रेमकथा म्हणतात खरं, पण माझ्या मते त्यांचा नायक गाव असतो. मराठीत असलं काही लिहायचं झालं की आपण नक्कल करतो ती नेमकी चुकीच्या गोष्टीची. समुद्राची.

आपल्या प्रेमकथांमध्ये, मोबाइलवर रोज एक भाग येतो त्या कथांमध्ये तर फारच, दोन माणसांना जवळ आणायचं ठरलं की लेखक त्यांना गाडीत घालून कोकणात नेतो. होमस्टे, सोलकढी, सूर्यास्त, ओली वाळू. तिथल्या माणसांना दोनच कामं: एक आजी जेवायला वाढते, एक तांडेल होडी वल्हवतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, त्या दोन महिन्यांत घर कशावर चालतं, हा प्रश्न त्या आजीला कुणी विचारत नाही. नायकाचं आडनाव इनामदार नाही तर देशमुख, नायिकेला बहुधा आडनावच नसतं. आडनाव आलं की जात येते आणि जात आली की होमस्टे संपतो. रत्नागिरीच्या मिऱ्यापासून निघालेला महामार्ग सोलापुरातून नागपूरला जातो. आमच्या कथा मात्र त्या रस्त्यानं एकाच दिशेला जातात. एवढंच कशाला, सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानाला अडथळा म्हणून २०२३ च्या जूनमध्ये पाडली. त्यावरून गावात केवढं रणकंदन झालं ते सोलापूरकरांना सांगायला नको. आणि दोन वर्षांनी, २०२५ च्या जूनमध्ये, विमानसेवा सुरू झाली ती गोव्याची.

समुद्र कथेत काय काम करतो याचा मी विचार केला. सौंदर्य वगैरे आहेच. पण त्याचं मुख्य काम साधं आहे. समुद्राकडं तोंड करून बसलं की गावाकडं पाठ होते. लाटांच्या आवाजात शेजारच्याला ऐकू जात नाही. आणि समोर बघायला काहीतरी असतं, त्यामुळं 'इथं का बसलात' या प्रश्नाला उत्तर तयार असतं. म्हणजे समुद्र ही सोय आहे, बाक नसलेल्या गावांची.

ही सोयसुद्धा परगावच्यांनाच. माझी बँकेतली एक मैत्रीण मालवणची. तिला विचारलं, तुमची पोरं-पोरी बसतात का गं किनाऱ्यावर? ती हसायलाच लागली. "आमची खय बसतत? धक्क्यार अर्धो गाव मामा आणि अर्धो काका. आमची कोल्हापूराक जातत." सोलापूरची जोडपी मालवणला, मालवणची कोल्हापूरला, कोल्हापूरची कुठं जातात ते विचारायचं राहिलं. मुंबईसारख्या मुंबईत, २०१५ च्या ऑगस्टमध्ये, मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर पोलिसांनी छापे घातले, खोल्यांतून जोडपी बाहेर काढली, त्यांच्यावर पोलीस कायद्यातलं, सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तनाचं कलम ११० लावलं आणि काहींच्या घरी फोनही गेले. दार लावून घेतलेली खोली सार्वजनिक ठिकाण कशी, असा प्रश्न तेव्हा पुष्कळांनी विचारला होता. खिडकीतून अरबी समुद्र दिसत असताना हे घडलं. तेव्हा समुद्र असला म्हणजे भागतं, असं नाही.

आता आमच्या गावाचं.

मागच्या थंडीत मी संध्याकाळी एका बागेत फेऱ्या मारत होते. बाकावर एक मुलगा आणि एक मुलगी, मध्ये भाजलेल्या शेंगांचा पुडा. दोघांच्या पाठीवर कॉलेजच्या सॅक अजून तशाच. बोलत होते, हसत होते, टरफलं पुड्यातच टाकत होते, हे मी मुद्दाम सांगते. पोलिसांच्या गणवेशातल्या दोघी आल्या. नाव काय, कॉलेज कुठलं, ही कोण तुझी, वडलांचा नंबर सांग. मुलीनं नंबर सांगितला, आकडा चुकला, परत सांगितला. भोवती सात-आठ जण जमले, त्यात मीही. कुणी काही बोललं नाही. मी पण नाही. छेडछाड करणाऱ्यांना धाक बसावा म्हणून असली पथकं निघाली, ते काम गरजेचं आहे, मी स्वतः सिटी बसमधून कॉलेजला गेलेली बाई आहे. पण छेड काढणारा आणि शेंगा सोलून देणारा यांतला फरक कळण्यासाठी काही फार मोठं प्रशिक्षण लागतं असं मला वाटत नाही. मुलगी गेली तेव्हा पुडा बाकावरच राहिला.

याच सोलापुरात २०२२ च्या डिसेंबरात नवरदेवांचा मोर्चा निघाला होता. फेटे बांधून, मुंडावळ्या लावून, कुणी घोड्यावर बसून, वाजतगाजत लग्नाळू पोरं जिल्हाधिकारी कार्यालयावर गेली. मागणी एकच: आम्हाला लग्नाला मुली मिळत नाहीत, सरकारनं काहीतरी करावं. देशभरच्या वाहिन्यांनी ती वरात दाखवली, लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या पोरांनी गर्भलिंगनिदान कायदा कडक राबवा असंही सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं ८९४ मुली होत्या. ज्या पोरी जन्मालाच येऊ दिल्या नाहीत त्या मांडवात कुठून येणार? शिवाय शेतकरी नवरा नको, पाणी नसलेलं गाव नको, पुण्यात फ्लॅट हवा, ही गणितं आहेतच आणि मुलींच्या बाजूनं बघितलं तर ती चुकीचीही नाहीत.

पण त्या मोर्चात एक गोष्ट कुणी मागितली नाही. आम्हाला मुलींशी बोलता येईल अशी जागा द्या, असं कुणी म्हणालं नाही. मुलगी 'मिळायला' हवी होती, रेशनसारखी. पंचविशी-तिशीतली पोरं जिल्हाधिकाऱ्याकडं बायको मागतात, कारण आयुष्यात आई-बहिणीखेरीज एखाद्या बाईशी सलग दहा मिनिटं बोलण्याचा प्रसंगच त्यांच्यावर आलेला नसतो. बागेतून जोडपी उठवायची आणि कचेरीवर वरात न्यायची, ही एकाच गावाची दोन कामं आहेत. पहिल्यामुळं दुसरं वाढतं, हे माझं म्हणणं आहे. सगळं त्यामुळंच, असं नाही. पण आपण समजतो त्यापेक्षा जास्त.

"आपली संस्कृती" असं कुणी म्हणेल म्हणून आधीच सांगते. सोलापूरचा सगळ्यात मोठा सण ही एका मुलीच्या प्रेमाची गोष्ट आहे. बाराव्या शतकातली. एक कुंभारकन्या सिद्धरामेश्वरांच्या अंगणात रोज सडा-रांगोळी करायची, असं सांगतात. तिनं त्यांना लग्नाचं विचारलं. लक्षात घ्या, तिनं विचारलं. ते योगी, लग्न करणारे नव्हते. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायची तिला परवानगी दिली. त्या लग्नाची आठवण म्हणून दर संक्रांतीला सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो, आणि तळ्याच्या काठी लाखो माणसं अक्षता घेऊन उभी राहतात. जिथं हा सोहळा होतो त्या जागेचं नाव संमती कट्टा. मी लहानपणापासून तिथं जाते, वडलांच्या खांद्यावर बसून गेले, आता नातवंडांना नेते. पण 'संमती' या शब्दाचा अर्थ मला पन्नाशीनंतर कळला. एका पोरीनं स्वतःहून सांगितलेल्या मनाला सगळ्या गावानं दिलेली संमती. त्या इंग्रजी कादंबरीतल्या गावानं जे केलं तेच.

दुसऱ्या दिवशी होम मैदानावर त्या कुंभारकन्येच्या प्रतीकाला अग्नी दिला जातो, हेही सांगायला हवं. श्रद्धेचा विषय आहे आणि मी श्रद्धेनंच हात जोडते. तरी बाई म्हणून तिथं उभी राहिले की मनात यायचं ते येतंच.

सोलापूरची दुसरी प्रेमकथा डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची. १९१० साली इथं जन्मलेला हा मुलगा १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर उपचार करता करता तिथल्या गुओ चिंगलान या परिचारिकेच्या प्रेमात पडला. १९४१ मध्ये लग्न, १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा, त्याच डिसेंबरात कोटणीस गेले. वय ३२. भय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहली जातात. आंतरदेशीय, आंतरधर्मीय, सगळ्या सीमा ओलांडलेलं लग्न, आणि आम्हाला त्याचा केवढा अभिमान! मला शंका आहे, की चीनऐवजी इथल्याच पूर्व भागातल्या, तेलुगू विणकरांच्या पद्मशाली गल्लीत कोटणीसांचं जमलं असतं, तर आम्ही स्मारक बांधलं असतं की घरच्यांना फोन केला असता. आणि तिसरी गोष्ट पडद्यावरची. २०१६ च्या 'सैराट'नं आमच्या जिल्ह्यातलं करमाळा महाराष्ट्राला दाखवलं. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणजे आमच्या गावाला प्रेमकथा चालतात, पण त्यात प्रेम करणारं माणूस योगी हवं, परदेशी हवं, नाही तर मेलेलं हवं. जिवंत, इथलीच, रविवारी भाजी आणायला जाणारी दोन माणसं आमच्या एकाही गोष्टीत नाहीत. 'सैराट' खोटा होता असं कुणीच म्हणणार नाही. पण खरं एकदा सांगून झाल्यावर दुसरंही काही सांगावं लागतं, नाही तर पोरांना वाटतं की हे एवढंच शक्य आहे. समुद्रकाठच्या त्या हलक्याफुलक्या कादंबरीचं सामाजिक काम इथं सुरू होतं. गाव तुमच्या बाजूनंही उभं राहू शकतं, हे ती रोजच्या चहा-पावाच्या भाषेत सांगते. त्या हिशेब लिहिणाऱ्या मुलीनं मला विचारलं होतं, "असली गावं खरंच असतात का मॅडम?" समुद्राबद्दल तिनं काही विचारलं नव्हतं.

समितीत आमचे जे आक्षेप होते ते काही सगळेच टाकाऊ नव्हते. पहिला पैशांचा. सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड असे वर्ग, वर्गानुसार अनुदान, आणि त्यातून पगार, वीज, वर्तमानपत्रं जाऊन पुस्तकांना काय उरतं ते समितीत बसल्याशिवाय कळत नाही. अभ्यासिकेत सकाळी सातला रांग लागते, ती तलाठी भरतीवाल्यांची. त्यांना ठोकळे नकोत असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? दुसरा आक्षेप दर्जाचा. त्यावर मला माझंच बालपण आठवतं. माझे वडील गिरणीत जॉबर होते. रद्दीच्या दुकानात 'मिल्स अँड बून' लिहिलेली पुस्तकं दिसायची आणि मला वाटायचं, ही मिलची पुस्तकं असणार, यात साच्यांची माहिती असेल. १८७७ पासून भोंग्यावर उठलेल्या गावातल्या पोरीला दुसरं काय वाटणार! पुढं कॉलेजात कळलं, की ही लंडनची १९०८ ची प्रकाशनसंस्था आणि साच्यांशी तिचा संबंध नाही. (तसा आहेही. तिथंही सगळा माल एका मापाचाच निघतो.) आम्ही मुली त्या पुस्तकांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचायचो आणि वर्गात मात्र जड कादंबऱ्यांची नावं सांगायचो. ते कव्हर मी अजून काढलेलं नव्हतं, हे समितीत हात वर करताना माझ्या लक्षात यायला हवं होतं.

प्रेमकथेला कव्हर घालायची ही सवय आपल्याला जुनीच आहे. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. अश्लील म्हणून खटला झाला. खालच्या न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कथा अश्लील नाही असं सांगून शिक्षा रद्द केली. दिवाळी अंकातल्या एका गोष्टीसाठी सात वर्षं. अशी गोष्ट वाचून पोरं बिघडतील ही धास्ती तेव्हाही होती, आणि आमच्या समितीतला तिसरा आक्षेप तोच होता: असलं वाचून मुली पळून जातात.

मी त्या कादंबरीची ४०० पानं वाचली आहेत. त्यात कुणी पळून जात नाही. उलट सगळे इतकं बोलतात, इतकी क्षमा मागतात, इतका वेळ घेतात, की मलाच घाई झाली होती. पळून जावं लागतं ते जिथं बसता येत नाही तिथं. आणि आपल्याकडं न पळता, रीतसर, कायद्यानं करायचं म्हटलं तरी काय होतं? विशेष विवाह कायदा १९५४ चा. दोन सज्ञान माणसांनी नोटीस द्यायची, ती कचेरीच्या फळ्यावर ३० दिवस लागणार, कुणाला हरकत आहे का म्हणून. समुद्रकाठच्या गावात लग्न ठरलं की पताका लागतात. इथं नावा-पत्त्यानिशी नोटीस लागते. आणि फळा वाचायला कोण जातं ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षित निवारा असावा असं सांगितलं. चांगलंच झालं. पण शेजाऱ्यांपासून वाचण्यासाठी सरकारी निवारा लागावा, याला गाव तरी का म्हणायचं?

या कादंबऱ्यांवर माझा एक राग आहे, तो मांडून ठेवते. त्यात गरीब कुणी नसतं आणि जात तर नसतेच. गाव दोघांच्या बाजूनं उभं राहतं ते काही अंशी म्हणून, की दोघं आधीच गावाच्या मापाची असतात. आमच्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, दखनी अशा चार भाषा एका रिक्षात ऐकू येतात. आईचं बोलणं एका भाषेत, मालकाचं दुसऱ्या, शिव्या तिसऱ्या. इथं जमायचं म्हणजे काय काय ओलांडावं लागतं, हे त्या दीपगृहवाल्यांना स्वप्नातही दिसणार नाही. म्हणूनच ही गोष्ट इथं लिहिली गेली तर ती त्यांच्यापेक्षा दमदार होईल, असं मला वाटतं. आणि गोड शेवट करायला लेखकाला इथं खरं कसब लागेल. तिथं तो फुकट मिळतो.

ती कादंबरी मूळात परत येण्याची गोष्ट असते, हेही आपल्या कामाचं आहे. आमची पोरं हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जातात, आता वंदे भारतनं जातात, आणि दिवाळीला चटणी न्यायला तेवढी येतात. २०२० च्या टाळेबंदीत बरीच आली होती, वरच्या खोलीत लॅपटॉप मांडून बसली होती. बंधनं उठली तशी गेली. नोकऱ्या नाहीत हे पहिलं कारण, त्यात वाद नाही. पण माझ्या भाचीनं मला दुसरं सांगितलं होतं: "मावशी, तिथं मी कुणाबरोबर चहा पिते ते कुणी विचारत नाही गं." आयटी पार्क कधी येईल ते आपल्या हातात नाही. हे दुसरं आहे. बागेतले बाक, तळ्याकाठचे दिवे, कुणाला कशावरून उठवायचं याचा पोलिसांना दिलेला स्पष्ट आदेश, वाचनालयातलं एक कपाट. यातल्या कशालाच दिल्लीची मंजुरी लागत नाही.

या वर्षीच्या बैठकीत मी तोच विषय परत मांडला. तीन विरुद्ध दोन मतांनी कादंबरी मंजूर झाली, आणि त्याबरोबर आणखी दोन ठोकळेही. मुलीला कळवलं. ती आली, प्रत नेली नाही, तिच्याकडं होतीच. म्हणाली, बाकीच्यांना होईल.

मग आम्ही खिडकीपाशी उभ्या उभ्या सोलापूरची कादंबरी रचायला लागलो. मी म्हटलं, नायिका पूर्व भागातली, आई बिडी वळणारी, घरात तेलुगू. नायक जुळे सोलापूरचा, मराठी, पुण्याहून नोकरी सोडून आलेला. उजनी धरणात ११७ टीएमसी पाणी मावतं आणि आपल्या नळाला ते चार-पाच दिवसांनी येतं. दोघांच्या भागात पाण्याचे दिवस वेगळे. त्याच्याकडं पाणी असतं तेव्हा तिच्याकडं नाही. पहिला मेसेज, 'आज पाणी आहे का?' तिला हे आवडलं. ती म्हणाली, वादळाच्या जागी पाइपलाइन फुटते असं घ्या, तेव्हा आठ दिवस पाणी नसतं. मी म्हटलं, घेतलं. समेट गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, पाळण्यांपाशी. घेतलं. कुणी मरणार नाही ना? नाही.

"पण मॅडम, ही दोघं भेटणार कुठं?"

आम्ही मोजायला लागलो. पार्क चौकात तिचा मामा. कंबर तलावावर त्याच्या वडलांचे मित्र फिरायला येतात. सात रस्त्याला तिच्या भावाची रिक्षा. हिप्परग्याचं तळं लांब आणि संध्याकाळी सुनसान, तिला भीती वाटेल. मॉलमध्ये पैसे लागतात. देवळात चालेल, पण देवळात दोघं किती वेळ हात जोडणार? ती जरा थांबली, वाचनकक्षाकडं बघितलं. पंखे फिरत होते, दोन-तीन टेबलं रिकामी होती.

"इथंच भेटतात असं करू या," ती म्हणाली. "पुस्तकं बदलायला येतात दोघं."

छान, मी म्हणणार होते. तेवढ्यात भिंतीवरच्या पाट्यांकडं लक्ष गेलं. 'शांतता राखा'च्या खाली दुसरी, निळ्या रंगातली: 'मुले व मुली यांनी स्वतंत्र टेबलांवर बसावे. समितीच्या आदेशावरून.' ठराव तीन वर्षांपूर्वीचा होता. एकमतानं झालेला.